नैसर्गिक मारक पेशी आणि अस्थिमज्जेचा प्रश्न : उल्हासनगर परिसरातील थॅलेसेमियाच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

रोगप्रतिकारशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात नैसर्गिक मारक पेशींच्या वाट्याला साधारणपणे एखादे पान येते. ‘पूर्वसंपर्काविना विषाणुबाधित व कर्करोगग्रस्त पेशींचा नाश करणाऱ्या लसिकापेशी’ ही व्याख्या विद्यार्थी पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि पुढील घटकाकडे वळतात. या पेशींचा शोध कसा लागला आणि मुळात त्या कोणत्या कोड्याचे उत्तर म्हणून पुढे आल्या, हा भाग वर्गात बहुधा येतच नाही. तो यावयास हवा. कारण ते कोडे अस्थिमज्जेचे होते, आणि उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्यातील अनेक कुटुंबांसाठी अस्थिमज्जेचा प्रश्न हा पुस्तकातील प्रश्न राहिलेला नाही.

बीटा थॅलेसेमिया मेजर या आनुवंशिक आजाराने ग्रस्त असलेल्या मुलास दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. ते आयुष्यभर द्यावे लागते. या चक्रातून कायमचे सुटण्याचा दीर्घकाळ परिचित असलेला मार्ग म्हणजे निरोगी दात्याच्या अस्थिमज्जेचे प्रतिरोपण. जुळणारे भावंड नसेल, तर पालकांच्या मनात पहिला विचार येतो तो स्वतःचाच. ‘आमच्याच रक्तामांसाचे मूल आहे, मग आमची मज्जा त्याला का चालू नये?’ हा त्यांचा प्रश्न भाबडा वाटला, तरी शास्त्राच्या दृष्टीने तो अत्यंत गंभीर आहे. उंदरांच्या संदर्भात हाच प्रश्न साठ वर्षांपूर्वी विचारला गेला आणि त्याच्या उत्तराच्या शोधात नैसर्गिक मारक पेशींचे खरे स्वरूप उलगडले.

थॅलेसेमियाच्या उपचारांत या पेशींना मध्यवर्ती स्थान आहे, असा दावा येथे करावयाचा नाही. प्रतिरोपण नाकारले जाण्यात टी-पेशींचा वाटा मोठा आहे, हे प्रारंभीच नमूद करणे आवश्यक आहे. तथापि मज्जेच्या बाबतीत शरीर ‘आपले’ कोणाला म्हणते, हे समजून घेण्याचा रस्ता मारक पेशींच्या इतिहासातून जातो.

छावणीचे शहर

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्करासाठी बराकी उभारण्यात आल्या होत्या. फाळणीनंतर सिंध प्रांतातून आलेल्या निर्वासितांना या रिकाम्या बराकींत आसरा देण्यात आला. सुमारे एक लाख माणसे येथे वसली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची शहर म्हणून पायाभरणी झाली आणि उल्हास नदीवरून तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. पाच छावण्यांची ती विभागणी आजही पत्त्यांत टिकून आहे. ‘कॅम्प नंबर चार’ असे सांगितल्याविना रिक्षाचालकास ठिकाण कळत नाही.

विस्थापित माणसे सोबत काय आणतात याची यादी इतिहासकार करतात, तेव्हा तीत भाषा, व्यापाराची हातोटी, दरबार, पापड व लोणची यांचा समावेश होतो. जनुके या यादीत सहसा नसतात. सिंधी व लोहाणा समाजांत बीटा-ग्लोबिन जनुकातील ६१९ बेस-जोड्यांचा तुकडा गळून गेल्याचा एक विशिष्ट प्रकार मोठ्या प्रमाणात आढळतो. हा बदल सिंध-गुजरात या भूभागाची जणू खूणच आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत मूल थॅलेसेमिया मेजर असण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक स्वतः निरोगी असतो. त्यामुळे असे जनुक पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्याही लक्षात न येता चालत राहते.

योगायोग असा की, ज्या वर्षी उल्हासनगरची पायाभरणी झाली त्याच वर्षी, म्हणजे १९४९ मध्ये, जे. बी. एस. हाल्डेन यांचा एक प्रबंध प्रसिद्ध झाला. थॅलेसेमियाचे वाहक हिवतापास अधिक चांगले तोंड देत असावेत आणि म्हणून हिवतापाच्या प्रदेशांत हे जनुक टिकून राहिले असावे, ही कल्पना त्यांनी त्यात मांडली. भूमध्य समुद्राकाठच्या लोकांवरून सुचलेली ही कल्पना सिंधूच्या पाणथळ खोऱ्यालाही लागू पडते. हाल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात स्थायिक झाले, हे वाचकांस ज्ञात असेलच.

आजाराचे वर्णन प्रथम डेट्रॉइट येथील थॉमस कूली यांनी १९२५ मध्ये केले. १९३२ मध्ये त्याला ‘समुद्र’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून थॅलेसेमिया हे नाव पडले आणि १९३८ मध्ये कोलकात्यातून भारतातील पहिल्या रुग्णाची नोंद झाली. मुंबई व दिल्ली येथील सुमारे ११ हजार शालेय विद्यार्थ्यांची तपासणी करून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वाहकांचे प्रमाण एकूण सुमारे ४ टक्के आढळले. सिंधी व पंजाबी समाजांत ते याहून स्पष्टपणे अधिक होते. येथे एक खुलासा करणे इष्ट आहे. थॅलेसेमिया हा ‘सिंध्यांचा आजार’ आहे, ही या परिसरात रूढ झालेली समजूत चुकीची आणि घातक आहे. भारतात सर्वाधिक आढळणारा बदल हा ६१९चा नव्हेच, तर ‘आयव्हीएस १-५’ या नावाने ओळखला जाणारा वेगळाच बदल आहे. आणि तो महाराष्ट्रातील मराठी भाषक कुटुंबांतही आढळतो. अंबरनाथ-बदलापूरच्या नव्या वसाहतींत राज्याच्या सर्व भागांतून आलेली कुटुंबे राहतात. ‘आपल्यात हे नसते’ या समजुतीपायी विवाहापूर्वी किंवा गर्भारपणाच्या प्रारंभी साधी हिमोग्लोबिन ए-२ ची तपासणीही टाळली जाते.

मुंबईची पूर्वपीठिका

रोगप्रतिकारशास्त्राचा मुंबईशी असलेला संबंध जुना आहे. १८९६ च्या प्लेगमध्ये मुंबईत आलेले वाल्देमार हाफकिन हे ओदेसा येथे इल्या मेचनिकॉफ यांचे विद्यार्थी होते. मेचनिकॉफ यांनी १८८२ मध्ये सिसिलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचून त्याभोवती जमणाऱ्या भक्षक पेशी पाहिल्या आणि शरीराचे संरक्षण पेशी करतात, असा सिद्धान्त मांडला. संरक्षण रक्तद्रवातील पदार्थ करतात, असे मानणारा दुसरा पक्ष होता. १९०८ चे नोबेल पारितोषिक मेचनिकॉफ व पॉल एर्लिख या दोन्ही पक्षांच्या धुरिणांना विभागून दिले गेले, परंतु त्यानंतरची सुमारे पन्नास वर्षे प्रतिपिंडांचीच होती. लस आणि प्रतिपिंड यांच्या झगमगाटात पेशींचा, त्यातही कोणतेही शिक्षण न घेता जन्मतःच सज्ज असणाऱ्या पेशींचा विचार मागे पडला.

पुढील टप्पा रक्तगटांचा. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी परळच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ‘बॉम्बे’ रक्तगटाची नोंद ‘लॅन्सेट’ मध्ये प्रसिद्ध केली. ओ गटाचे रक्तही ज्यांना चालत नाही, अशी माणसे अस्तित्वात आहेत, हे त्यातून जगाला समजले. १९५७ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे रक्तगट संदर्भ केंद्र मुंबईत सुरू झाले आणि त्यातूनच आजची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आकारास आली. थॅलेसेमियाचे जनुकीय व प्रसूतिपूर्व निदान आणि जन्मजात प्रतिकारदोषांचे निदान ही दोन्ही कामे आज या एकाच संस्थेत होतात. दुसऱ्या प्रकारच्या कामात मारक पेशींची प्रत्यक्ष तपासणी अंतर्भूत आहे. परफोरिन नावाचे प्रथिन नसलेल्या बालकांत मारक पेशी लक्ष्याला चिकटतात, परंतु त्याला छिद्र पाडू शकत नाहीत. परिणामी प्रतिकारयंत्रणेचा भडका उडतो आणि तो विझत नाही.

नियमाला न जुमानणारे उंदीर

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रतिरोपणाचे नियम उंदरांच्या शुद्ध वाणांवर सिद्ध करण्यात आले. त्यांपैकी एक नियम असा : ‘अ’ वाणाची मादी व ‘ब’ वाणाचा नर यांच्या संकरज पिल्लाने आई किंवा वडील या दोहोंपैकी कोणाचीही ऊती स्वीकारली पाहिजे, कारण पिल्लात दोघांचेही प्रतिजन असतात आणि त्याला त्यात परके असे काही आढळू नये. त्वचेच्या बाबतीत हा नियम तंतोतंत खरा ठरला. मात्र १९५० च्या दशकात जॉर्ज स्नेल यांना असे दिसले की, जनक वाणाच्या काही अर्बुदपेशी संकरज पिल्लांत अपेक्षेप्रमाणे वाढत नाहीत. १९६४ मध्ये गुस्ताव्हो कुडकोविच व जॅक स्टिम्पफलिंग यांनी मज्जेच्या बाबतीत हेच दाखविले. किरणोत्साराने स्वतःची मज्जा नष्ट केलेल्या संकरज उंदरांत जनक वाणाची मज्जा घातली, तर ती रुजत नव्हती. म्हणजे आईची त्वचा चालत होती, मज्जा चालत नव्हती!

१९७१ मध्ये कुडकोविच व मायकेल बेनेट यांनी या घटनेची वैशिष्ट्ये नोंदविली. हा विरोध काही दिवसांतच प्रकट होत असे. त्यासाठी पूर्वीचा संपर्क लागत नसे. टी-पेशींना नामोहरम करणाऱ्या किरणोत्सारानेही तो नाहीसा होत नसे. थायमस ग्रंथीची त्याला गरज नव्हती. आणि पिल्लू साधारण तीन आठवड्यांचे होईपर्यंत तो दिसतच नसे. तत्कालीन शास्त्राला ज्ञात असलेल्या कोणत्याही पेशीचे वर्तन या वर्णनात बसत नव्हते. शोधनिबंधाच्या शीर्षकातच त्यांनी ‘चमत्कारिक’ या अर्थाचा शब्द योजला. बहुसंख्य अभ्यासकांनी ही उंदरांपुरती मर्यादित असलेली एक विसंगती मानून तिच्याकडे दुर्लक्ष केले.

चुकीतून पेशी

याच सुमारास दुसऱ्या प्रयोगशाळांत दुसरीच अडचण उभी होती. कर्करोग्याच्या लसिकापेशी त्याच्याच अर्बुदाच्या पेशी मारतात काय, हे पाहण्यासाठी क्रोमियम-५१ या किरणोत्सारी समस्थानिकाचा उपयोग केला जाई. लक्ष्यपेशींत क्रोमियम भरावयाचे, त्यांवर लसिकापेशी सोडावयाच्या आणि फुटलेल्या पेशींतून बाहेर पडलेला किरणोत्सार मोजावयाचा. (हाच क्रोमियम १९५० पासून तांबड्या पेशींचे आयुष्य मोजण्यासाठी वापरला जात होता. निरोगी माणसाची सुमारे १२० दिवस जगणारी तांबडी पेशी थॅलेसेमियात किती लवकर नष्ट होते, हेही या पद्धतीनेच मोजले गेले.) तुलनेसाठी निरोगी माणसांच्या लसिकापेशी घेतल्या, तर त्याही अर्बुदपेशी मारीत होत्या, काही वेळा रुग्णाच्या पेशींपेक्षा अधिक जोमाने. ज्यांनी कर्करोग कधी पाहिलाच नाही, त्या पेशींनी असे का करावे? प्रथम हा पद्धतीचा दोष समजला गेला आणि हिशेबातून तो वजा करण्यात येऊ लागला.

वजा केली जाणारी ही संख्या म्हणजेच शोध आहे, हे ओळखण्यास काही वर्षे लागली. १९७५ मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील रोल्फ किसलिंग, एव्हा क्लाइन व हान्स विग्झेल यांनी उंदरांतील या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्यांना नैसर्गिक मारक पेशी असे संबोधले. त्याच वर्षी अमेरिकेत रोनाल्ड हर्बरमन यांच्या गटानेही स्वतंत्रपणे अशीच निरीक्षणे मांडली. एव्हा क्लाइन या मूळच्या बुडापेस्टच्या. ज्यूंच्या संहारातून वाचून युद्धानंतर त्या हंगेरीतून स्वीडनला आल्या. मायभूमी सोडून आलेल्या माणसांच्या शहरात बसून त्यांच्या कार्याविषयी लिहिताना हा तपशील गाळावासा वाटला नाही.

१९७७ मध्ये किसलिंग व सहकाऱ्यांनी दोन धागे एकत्र आणले. मारक पेशींची क्षमता आणि संकरज उंदरांचा मज्जाविरोध यांची वैशिष्ट्ये परस्परांशी जुळत होती. वयाची तीन आठवड्यांची मर्यादादेखील! कुडकोविच यांच्या ‘चमत्कारिक’ घटनेमागील पेशी सापडली होती.

मराठी पर्यायाविषयी थोडेसे. काही ठिकाणी या पेशींना ‘मारेकरी पेशी’ म्हटले जाते. मारेकरी हा सुपारी घेऊन, कोणाच्या तरी सांगण्यावरून मारतो. या पेशींचे वैशिष्ट्य नेमके त्याच्या उलट आहे. त्यांना कोणाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. म्हणून ‘मारक’ हाच शब्द अधिक उचित होय.

जे नाही ते पाहणारी पेशी

पेशी सापडली, परंतु कोडे सुटले नव्हते. आईच्या मज्जेत परके असे काहीच नसताना पिल्लाची मारक पेशी तिला ओळखते कशी? याचे उत्तर क्लास कॅरे यांनी १९८१ मधील आपल्या प्रबंधात सुचविले आणि १९८६ मध्ये सहकाऱ्यांसह ‘नेचर’ मध्ये प्रयोगाने सिद्ध केले. त्यांनी अशा अर्बुदपेशी घेतल्या, ज्यांनी आपल्या पृष्ठभागावरील ऊतिसंगततेची प्रथिने गमावली होती. ही प्रथिने बाळगणाऱ्या मूळ पेशी उंदरात वाढत गेल्या, तर प्रथिने गमावलेल्या पेशी मारक पेशींनी नष्ट केल्या. मारक पेशी परक्याची खूण शोधत नाही. आपल्याची खूण आहे काय, एवढेच ती पाहते, आणि ती नसेल तर मारते.

वर्गात हे समजावताना शिधापत्रिकेचे उदाहरण उपयोगी पडते. टी-पेशी ही पोलीस ठाण्यात लावलेल्या छायाचित्रावरून विशिष्ट गुन्हेगार शोधणाऱ्या शिपायासारखी आहे. मारक पेशी दारोदार जाऊन फक्त शिधापत्रिका मागते. विषाणू आणि अर्बुदपेशी यांची लबाडी अशी की, टी-पेशींपासून लपण्यासाठी त्या आपली ऊतिसंगततेची प्रथिनेच आत ओढून घेतात. छायाचित्र नाही, म्हणून शिपाई फसतो. परंतु त्याच वेळी शिधापत्रिकाही नाहीशी होते आणि मारक पेशीच्या तावडीतून सुटका होत नाही. १९८९ मध्ये क्रिस्टीन बायरन व सहकाऱ्यांनी मारक पेशी नसलेल्या एका किशोरवयीन मुलीची हकीकत प्रसिद्ध केली. तिला कांजिण्या व नागीण यांच्या कुळातील विषाणूंचे एकामागून एक गंभीर संसर्ग झाले होते. या कुळातील अनेक विषाणू ही प्रथिने लपविण्यात निष्णात असतात.

आता संकरज पिल्लाकडे पुन्हा पाहू. त्याच्या काही मारक पेशी ‘अ’ ही शिधापत्रिका ओळखतात, तर काही फक्त ‘ब’. ‘अ’ वाणाच्या आईच्या मज्जेत ‘ब’ नाही. म्हणून ‘ब’ ओळखणाऱ्या पेशींच्या दृष्टीने आईची मज्जा ही शिधापत्रिका नसलेली ठरते. हे उत्तर इतके साधे आहे की ते सापडण्यास वीस वर्षांहून अधिक काळ का लागला, याचे आश्चर्य वाटते. कारण बहुधा हे असावे की, सर्वजण ‘काय आहे’ याचाच शोध घेत होते.

अर्थात शिधापत्रिकेचे उदाहरण एका ठिकाणी अपुरे पडते आणि ते ठिकाण आपल्या विषयाशी निगडित आहे. परिपक्व तांबड्या पेशीवर ऊतिसंगततेची ही प्रथिने जवळजवळ नसतातच. मग दर महिन्याला दिलेले परक्याचे रक्त मारक पेशी नष्ट का करीत नाहीत? कारण मारण्यासाठी केवळ खुणेचा अभाव पुरत नाही. लक्ष्यपेशीवर चेतावणी देणारे रेणूही असावे लागतात. बाधित वा विकृत पेशींवर ते उमटतात, तर तांबड्या पेशीवर ते नसतात. रोधक व उत्तेजक अशा दोन्ही संदेशांचा ताळा जमवून मारक पेशी निर्णय घेते. रोधक संदेश घेणारे ग्राहक १९९० च्या दशकात ज्ञात झाले. उंदरांत १९९२ मध्ये वेन योकोयामा यांच्या गटाने आणि मानवात प्रामुख्याने इटलीतील मोरेट्टा बंधूंनी त्यांचा अभ्यास केला. मानवी ग्राहकांची जनुके १९ व्या गुणसूत्रावर आहेत, तर ऊतिसंगततेची म्हणजेच एचएलए जनुके सहाव्यावर. त्यामुळे एचएलए पूर्णतः जुळणाऱ्या सख्ख्या भावंडांच्या मारक पेशीही एकसारख्या असतीलच असे नाही.

प्रयोगशाळेतील एक दुवा येथे सांगण्यासारखा आहे. मानवी मारक पेशींच्या चाचणीत जगभर ज्या लक्ष्यपेशी वापरल्या जातात, त्या के-५६२ या नावाच्या. रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या एका स्त्रीच्या पेशींपासून तयार झालेला हा वाण लोझिओ दांपत्याने १९७५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यावर एचएलए प्रथिने जवळजवळ नसल्याने मारक पेशी त्याला सहज मारतात. गंमत अशी की, याच के-५६२ पेशी योग्य रसायन मिळाल्यास गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन तयार करू लागतात. त्यामुळे गर्भ-हिमोग्लोबिन वाढवून थॅलेसेमियाची तीव्रता कमी करू शकतील, अशा औषधांच्या शोधातही त्यांचाच वापर होत आला आहे.

लोह आणि मारक पेशी

वारंवार रक्त घेणाऱ्या मुलांच्या स्वतःच्या मारक पेशींचे काय होते? १९८६ मध्ये अकबर व सहकाऱ्यांनी थॅलेसेमिया मेजरच्या रुग्णांत या पेशींची क्षमता घटलेली असल्याचे नोंदविले आणि त्यामागे शरीरात साठणारे लोह हे संभाव्य कारण असल्याचे सुचविले. रक्ताच्या प्रत्येक पिशवीसोबत सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात येते आणि ते बाहेर टाकण्याची स्वतंत्र व्यवस्था शरीराकडे नाही. यकृत, हृदय व अंतःस्रावी ग्रंथी यांवर होणारा त्याचा परिणाम सुपरिचित आहे. प्रतिकारयंत्रणेवरील परिणामाची चर्चा मात्र क्वचितच होते. थॅलेसेमियाग्रस्तांना संसर्गाचा धोका अधिक असण्याला अनेक कारणे आहेत. प्लीहा काढलेली असणे हे त्यांतील एक, आणि जंतूंनाही लोह प्रिय असते हे दुसरे. मारक पेशींची दुर्बलता हे या मालिकेतील एक कारण असू शकते, एवढेच म्हणणे रास्त होईल.

लोह बाहेर काढण्याच्या उपचारांत मुंबईचा वाटा मोठा आहे. पूर्वी डेस्फेरॉक्झामीन हे औषध छोट्या पंपाने त्वचेखाली, आठवड्यातील पाच-सहा रात्री, आठ ते बारा तास द्यावे लागे. ते महाग होते आणि मुलांना नकोसे वाटे. तोंडाने घेण्याच्या डेफेरिप्रोन या औषधाची भारतीय चाचणी मुंबईच्या डॉ. एम. बी. अगरवाल यांच्या पुढाकाराने झाली आणि तिचे निष्कर्ष १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. १९९० च्या दशकाच्या मध्यास हे औषध येथे विक्रीस उपलब्ध झाले, तेव्हा पाश्चात्त्य देशांत ते अद्याप परवान्याच्या प्रतीक्षेत होते. एका गोळीने किती कुटुंबांच्या रात्री बदलल्या, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

दात्याचा हिशेब

थॅलेसेमियासाठी पहिली यशस्वी मज्जा-प्रतिरोपणे १९८१-८२ मध्ये सिएटल येथे डोनाल थॉमस यांनी आणि इटलीतील पेसारो येथे ग्विदो लुकारेल्ली यांनी केली. थॉमस यांना १९९० चे नोबेल मिळाले. भारतातील पहिले मज्जा-प्रतिरोपण मार्च १९८३ मध्ये टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले. ते रक्ताच्या कर्करोगासाठी होते. थॅलेसेमियासाठी १९८६ मध्ये वेल्लोर येथे डॉ. मॅमेन चंडी यांनी हे कार्य सुरू केले. पुढे मुंबईत बोरिवली येथे महापालिकेने मुलांसाठी स्वतंत्र थॅलेसेमिया व मज्जा-प्रतिरोपण केंद्र उभारले. २०१७ पासून कोल इंडियाच्या निधीतून चालणाऱ्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेने पात्र कुटुंबांना १० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू लागले.

मात्र पैसा उभा राहिला, तरी दाता कोठून आणावयाचा? येथे एक साधे गणित मांडता येते आणि ते पदवीच्या आनुवंशिकीच्या वर्गात अवश्य द्यावे. दोन सख्ख्या भावंडांचे एचएलए पूर्ण जुळण्याची शक्यता एक चतुर्थांश. वाहक पालकांचे दुसरे मूल थॅलेसेमिया मेजर नसण्याची शक्यता तीन चतुर्थांश. वाहक भावंड दाता म्हणून चालते. बीटा-ग्लोबिनचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर आणि एचएलए सहाव्यावर, म्हणून दोन्ही शक्यता परस्परांपासून स्वतंत्र. त्यांचा गुणाकार ३/१६, म्हणजे १९ टक्क्यांहूनही कमी. एकच भावंड असलेल्या घरात पाचांपैकी चार वेळा उत्तर नकारार्थी येते, आणि आजची कुटुंबे लहान आहेत. आई आणि वडील मात्र प्रत्येक मुलाशी निदान निम्मे जुळतातच.

ही निम्मी जुळणी दीर्घकाळ निरुपयोगी मानली गेली. दात्याच्या टी-पेशी मुलाच्या शरीरावर हल्ला करीत आणि त्या काढून टाकल्या तर मज्जाच नाकारली जाई. या कोंडीत मारक पेशींचे महत्त्व पुन्हा पुढे आले. २००२ मध्ये पेरुजा येथील लॉरेडाना रुग्गेरी, आंद्रेआ व्हेलार्डी व सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ मध्ये एक अनपेक्षित निष्कर्ष मांडला. निम्म्या जुळणीच्या प्रतिरोपणात, जेथे दात्याच्या मारक पेशींना रुग्णाच्या पेशींवर अपेक्षित खूण सापडत नव्हती, तेथे तीव्र मायलॉइड रक्तकर्करोग उलटण्याची पाच वर्षांतील शक्यता शून्यावर आली. जेथे खूण सापडत होती, तेथे ती ७५ टक्के होती. उंदरांतील प्रयोगांत अशा मारक पेशी यजमानाच्या शिल्लक टी-पेशीही नष्ट करीत होत्या, म्हणजे मज्जा रुजण्यास मदत करीत होत्या. कुडकोविच यांच्या उंदरांत जी पेशी मज्जा नाकारीत होती, तीच दात्याच्या बाजूने आली तर मज्जेसाठी जागा करते.

थॅलेसेमियात मारण्यासाठी कर्करोग नसतो; तेथे रुजणे हाच खरा प्रश्न आहे. वर्षानुवर्षे रक्त घेतलेल्या मुलाच्या प्रतिकारयंत्रणेने अनेक दात्यांच्या पांढऱ्या पेशी पाहिलेल्या असतात आणि त्यांविरुद्ध तयारी केलेली असते. पांढऱ्या पेशी गाळून रक्त देण्याचा आग्रह तज्ज्ञ धरतात, त्यामागे तापाची प्रतिक्रिया टाळण्याइतकेच हेही कारण आहे. लोह-निष्कासन नियमित नसेल, यकृत वाढले असेल व त्यात तंतुमयता आली असेल, तर जोखीम आणखी वाढते. लुकारेल्ली यांचे रुग्णांचे तीन वर्ग याच तीन निकषांवर आधारलेले आहेत. म्हणजेच पाचव्या वर्षी चुकलेल्या गोळ्यांचा परिणाम दहाव्या वर्षीच्या प्रतिरोपणात दिसतो.

२०१० मध्ये रोम येथील सोदानी, लुकारेल्ली व सहकाऱ्यांनी थॅलेसेमियाच्या २२ मुलांचा अनुभव प्रसिद्ध केला. बहुतेकांना स्वतःच्या आईची, टी-पेशी कमी केलेली मज्जा व रक्तातील मूळपेशी देण्यात आल्या होत्या. सुमारे ९० टक्के मुले जगली. थॅलेसेमियापासून मुक्त होऊन जगण्याचे प्रमाण ६१ टक्के होते. आईची निवड करण्यामागे विचार होता. नऊ महिने परस्परांच्या पेशी अंगावर बाळगल्यामुळे आई व मूल यांच्यात काही सहिष्णुता निर्माण झालेली असावी, असे मानण्यास आधार आहे. गर्भारपणाच्या आरंभी गर्भाशयाच्या अस्तरात सर्वाधिक संख्येने असणाऱ्या लसिकापेशी या मारक पेशीच असतात आणि तेथे त्या गर्भाला मारीत नाहीत, तर वार रुजण्यासाठी रक्तवाहिन्या रुंदावण्यास मदत करतात.

त्यानंतर प्रतिरोपणाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड देऊन उपद्रवी टी-पेशी नष्ट करण्याची पद्धत रूढ झाली आणि निम्म्या जुळणीची प्रतिरोपणे भारतातही होऊ लागली. आता आई किंवा वडील यांना दाता ठरविण्यापूर्वी मुलाच्या रक्तात त्यांच्या एचएलएविरुद्ध प्रतिपिंड आहेत काय, हे तपासले जाते. दात्याच्या मारक पेशींच्या ग्राहकांची जुळणी पाहूनच निवड करावी काय, यावर मतभेद आहेत. कर्करोगात तिला जेवढे महत्त्व दिले जाते, तेवढे थॅलेसेमियात अद्याप दिले जात नाही. प्रतिरोपणानंतर मुलाच्या रक्तात सर्वप्रथम, साधारण महिनाभरात, परत येणाऱ्या लसिकापेशी मात्र मारक पेशीच असतात. टी-पेशींची घडी बसण्यास अनेक महिने लागतात. त्या मधल्या काळात, घरातील चपला बाहेर, पाणी उकळून आणि पाहुणे बंद, अशा बंदोबस्तात राहणाऱ्या मुलाच्या शरीरात विषाणूंविरुद्धचा मुख्य पहारा दात्याकडून आलेल्या याच पेशींचा असतो. आणि दाता आई असेल, तर त्या आईच्या असतात.